सकाळचं पहिलं पाऊल

आधी नुसती पलंगाच्या काठावर बसून राहते.
हॅलिफॅक्सला अजून उजाडायचं असतं,
समोरच्या टेकडीवर दिव्यांची एक तिरपी ओळ,
आणि माझे दोन्ही पाय कार्पेटपासून चार बोटं वर,
पोहता न येणाऱ्या माणसानं
विहिरीत सोडावेत तसे.

पहिलं पाऊल म्हणजे खिळा.
दुसरं म्हणजे तोच खिळा, जरा वाकलेला.
बाथरूमपर्यंत अकरा पावलं. मोजलीत.
चहाचं पाणी उकळेपर्यंत तो कुठेतरी बुडी मारतो
आणि दुपारी तीनला, दुकानाच्या फरशीवर,
पुन्हा डोकं वर काढतो.

बावीस वर्षं उभी आहे मी औषधांच्या त्या काउंटरमागे.
आई फोनवर सगळ्यांना सांगायची,
"आमची उत्तरा स्वतःच्या पायांवर उभी आहे हो."
उभीच आहे, आई.
कुणी बस म्हटलं नाही,
मीही खुर्ची मागितली नाही.
लहानपणी म्हणायचीस, पायात भिंगरी आहे कार्टीच्या.
ती बहुतेक इथेच, टाचेच्या हाडापाशी,
गंजून अडकली.

सर्जननं पडद्यावर माझं हाड दाखवलं.
म्हणाला, कापता येईल,
पण तुमच्या जागी मी असतो
तर आधी सहा महिने आयलीनकडे गेलो असतो.

आयलीन सटक्लिफ. साठीची, सुताराचे असावेत तसे हात.
तिनं माझं पाऊल सरळ मांडीवर घेतलं
आणि मी ते ओढून घेतलं.
मोठ्या बाईनं माझ्या पायाला हात लावायचा?
तोंडातून "अहो, नको" निघालं, मराठीतच.
तिला वाटलं, दुखलं.

तिनं औषध दिलं नाही.
दिवसभर औषधंच देणारी मी, थोडी हिरमुसले.
तिनं दिला माझ्याच घरातला जिना:
पायरीच्या कडेवर चवडे, टाचा हवेत,
सावकाश खाली, सावकाश वर,
कठडा धरून, कुणी पाहत नाही ना बघत.
बातम्या संपेपर्यंत बर्फाची बाटली तळव्याखाली.
आणि जमिनीवर टॉवेल पसरून
तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा,
गाय जिभेनं गवत ओढते तसा.

एक गोष्ट मी माझी घातली त्यात.
सासूबाईंची काशाची वाटी,
जिच्यात इतकी वर्षं बटणं आणि सुट्या पेन्या पडून होत्या,
ती रिकामी केली. तूप लावलं.
रात्री तळपाय घासत बसले, तळव्यावर काळं उतरत गेलं.
उष्णता निघते, त्या म्हणायच्या.
मी रसायनशास्त्र शिकले आहे,
काशाला तूप लागलं की काळं होणारच.
तरी त्या काळ्याकडे बघून बरं वाटलं.
आयलीननं तिच्या वहीत लिहून घेतलं: वाटी.

फेब्रुवारीत कधीतरी
दात घासताना लक्षात आलं
की आज पावलं मोजलीच नाहीत.

बरी झाले असं नाही म्हणणार.
लांबलेल्या शनिवारी खिळा येतोच,
पण आता पाहुण्यासारखा, दार वाजवून.

काल मिस्टर बॅराक्लफ आले, नेहमीचं जेल न्यायला.
नऊ वर्षं ते म्हणताहेत, "पाय गं बाई, पाय,"
आणि नऊ वर्षं मी ट्यूब पिशवीत घालून
हसून पिशवी पुढे करते आहे.
काल पहिल्यांदा काउंटरवरून वाकून
त्यांचे बूट पाहिले.
टाचा एका अंगानं इतक्या झिजलेल्या,
की हा माणूस माझ्या सपाट फरशीवरसुद्धा
उतारावरच उभा होता.

मी आतून खुर्ची आणली.
मग परत जाऊन
आणखी एक.