पिवळं निशाण

आमच्या आळीतून शाळेला निघायची सात मुलांची रांग.
पुढे सहावीतली कोझुए, हातात पिवळं निशाण,
शेवटी पाचवीतला गेन्ता, दप्तराला अस्वलासाठीची घंटा.
मधे आम्ही, उंचीप्रमाणे नव्हे, भित्रेपणाप्रमाणे.
म्हणजे मी कोझुएच्या अगदी पाठीशी.

अकिताच्या डोंगराकडे जानेवारीत रस्ता उरत नाही.
उरतात दोन पांढऱ्या भिंती
आणि मधे रात्रीचा बर्फ, गुडघाभर.
गुडघा माझा. तिची फक्त पोटरी बुडायची.

आदल्या वर्षी पुढे असायचा र्योहेई.
आवाज खणखणीत, शिट्टी स्वतःच्या पैशाची.
तो ढांगा टाकायचा, आम्ही पळायचो,
आणि फाटकाशी वळून तो म्हणायचा,
"बघा, आणलं की नाही वेळेत?"
आणलं होतं, खोटं कशाला बोलू.
माझा एक बूट तेवढा वाटेत राहिला होता.

कोझुएला आवाज म्हणून नव्हताच.
बारा महिने सर्दी, बाहीला नाक.
आणि चालणं असं हळू, की मला वाटे,
हिला कुणी केलं पुढारी?
फेब्रुवारी उजाडला तेव्हा कळलं:
तिच्या प्रत्येक ठशात
माझा बूट बरोबर बसत होता.

मग ती सकाळ. धुकं, हात पुढे केला तर बोटं दिसेनात.
मी म्हणालो, कालव्याकडची वाट मोकळी आहे,
आजोबांनी सांगितलंय.
आजोबांनी काही सांगितलं नव्हतं.
मला लोंबते बर्फाचे सुळे बघायचे होते.

पुलापाशी दोर बांधलेला. पलीकडे नुसतं पांढरं.
धाकटी चिझुरु रडायला लागली, मग तिचं बघून आणखी एक.
कोझुए क्षणभर थांबली,
नाक ओढलं, म्हणाली,
"चुकले मी. आपण वळू या."
निशाण गेन्ताच्या हाती दिलं, "आता तू पुढे,"
आणि स्वतः शेवटी गेली, घंटा घेऊन.
परतीची सगळी वाट
ती किणकिण आमच्या मागे होती.

चाळीस मिनिटं उशीर. सर दारातच.
"कुणामुळे?"
"माझ्यामुळे," ती म्हणाली.
मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.
त्यांच्याखाली पाण्याचं थारोळं होत होतं.

आता माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत,
बंदरावर, माशांच्या शीतगृहात.
गेल्या महिन्यात एक गाडी भलत्याच गावाला गेली.
साहेबांनी विचारलं, कुणामुळे?
नव्या पोराचं नाव माझ्या जिभेवर तयार होतं.
तारीख त्यानंच चुकवली होती, पण कागद वाचून सही मीच केली होती.
किती वेळ गेला कोण जाणे.
मागे कुठेतरी घंटा वाजली, म्हणजे ट्रॉलीची साखळी असेल.
"माझ्यामुळे," मी म्हणालो,
आणि घसा असा खरखरला, जणू मलाच सर्दी झालीय.

कोझुए गावच्या टपालघरात असते, दुसऱ्या खिडकीपाशी.
एकदा धीर करून सगळं सांगितलं,
आजोबा, सुळे, ते खोटं.
ती तिकिटं मोजता मोजता थांबली.
"कालवा? कुठला कालवा?"
मग रुमाल शोधला, नाक पुसलं,
माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.
"जरा सरकतोस का बाजूला?
त्या आजी केव्हाच्या उभ्या आहेत."