आवक नोंदवही

पुलासाठी फुटकी भांडी हवीत, असा ठराव झाला
आणि आवक माझ्या टेबलावर आली.
बत्तीस वर्षं पालिकेत काढली, पण
बशीला कधी क्रमांक घातला नव्हता.

क्रमांक चार. निळी बशी, अर्धी. एस्पेरांस बाय, मळा.
नवरा बोटीवरून परतला त्या रात्री फुटली.
'कशी फुटली' असा रकाना नव्हता,
लोक आपण होऊन सांगत.
क्रमांक एकोणीस. कपांचे कान, नग सात.
कप नाहीत. पाटोवरच्या गाडेवाल्या शाणूने
नुसते कानच का जपले, ते त्यालाही सांगता येईना.
क्रमांक चाळीस. माटोळीखालची फरशी,
चवथीच्या दिवशी नारळ सुटून तडकलेली.

कुडचड्याची ती मुलगी, सुलक्षा,
गुडघ्यांपर्यंत सिमेंट,
खाली खाडीचा चिखल, चिखलात कुर्ल्या,
फळीवर बसून विचारायची,
'काका, ह्या निळ्याचा धनी कोण?'
मी वही उघडून सांगायचो.
मग ती तुकडा थोडा तिरका बसवायची.
'भांडणातला आहे, सरळ राहणार नाही.'

अख्ख्या कठड्याची मासोळी झाली.
डोकं मळ्यात, शेपूट बसस्थानकाला लागून.
फीत कापायच्या आधीच
लोक वाकून आपापला तुकडा शोधू लागले.
एस्पेरांस बाय पाव घेऊन जाताना
एक खवला अंगठ्याने पुसते.
नवरा दोन पावलं मागे,
खाडीकडे बघत,
पण तिथे त्याची चाल मंदावते.
शाणू आठवड्यातून एकदा कान मोजून जातो.
सहाच भरतात. पुन्हा मोजतो.

मार्चअखेर लेखापरीक्षक आला.
चष्मा वर सारून म्हणाला,
'आवक नऊशे बारा. पुलावर नऊशे तेरा.
एक वाढीव कुठून आला?'
मी म्हटलं, मोजणीत चूक असेल, साहेब.
त्याने लाल पेनाने गोल केला.
तो गोल अजून वहीत आहे.

शेपटीच्या अगदी टोकाला, गुडघ्याच्या उंचीवर,
सहसा कोणी वाकत नाही तिथे,
दूधवाटीचा तुकडा आहे.
वाटीवर हत्ती होता.
सोंड गेली, दोन पाय उरलेत.
त्या रात्री सुलक्षाने काही विचारलं नाही,
नुसती थापी माझ्या हातात दिली.
तो तेवढा सरळ लागला आहे.

संध्याकाळी मी तिथे बूट बांधायला वाकतो.
रायबंदरची बस सुटते.
सुटू दे, मागे दुसरी असतेच.