धुवट निळा

टेबलावर अठ्ठेचाळीस शिपाई उभे आहेत,
अंगठ्याच्या पेराएवढे, राखाडी प्रायमर मारलेले.
कुणाच्या बाजूने लढणार ते अजून ठरलेलं नाही.

दिवसा मी सित्र्याच्या टाक्यांवर रंगाची जाडी मोजतो.
अडीचशे मायक्रॉन. कमी भरली तर लिहितो: पुन्हा.
तिथं रंगाला नाव नसतं, आकडा असतो,
आवडनिवड कुणी विचारत नाही.
रात्री चिमटीत शिपाई धरला
की हात आखडतो.

पहिला डाळिंबी केला, कडेला हळदी.
रोदेल म्हणाला, हा लढायला निघालाय की लग्नाला?
दुसरा मातकट केला,
मॅटवर ठेवला, आणि मलाच सापडेना.
रोदेलचं सैन्य केव्हाच तयार आहे,
पोपटी आणि काळं, बाटलीत होतं तसंच.
तीन फुटांवरून आपला माणूस ओळखू आला
की पुरे, म्हणतो.

अण्णांचं इचलकरंजीत मॅचिंग सेंटर होतं.
बाई पदराचं टोक पुढं करायची,
अण्णा मान न वळवता मागं हात घालून तागा काढायचे:
आमसुली. पारवा. चिंतामणी.
"पण उन्हात बघून घ्या. ट्यूबलाइट खोटं बोलते."

म्हणून शुक्रवारी तीन वाजता
तिसरा शिपाई घेऊन गच्चीत गेलो.
सेहेचाळीस अंश. रंग ब्रशच्या टोकावरच वाळला.
इथलं ऊनही काही खरं बोलत नाही, अण्णा,
ते सगळ्यांना पांढरंच म्हणतं.

खाली शिफ्टची बस थांबली.
केशरी उतरले, स्कॅफोल्डिंगवाले.
हिरवे, साफसफाईचे.
मग निळे, आणि एकाचा निळा दुसऱ्यासारखा नाही.
नव्याचा गडद, घडीसुद्धा न मोडलेली.
बाकीच्यांचा गुडघ्यांवर, खांद्यांवर उतरत गेलेला;
कोण किती वर्षं इथं आहे
ते पाठीवर वाचता येत होतं.
सुबराव मला तसाच ओळखू आला,
तोंड दिसायच्या आधी.

रात्री मिसळला. निळ्याचे दोन थेंब, राखाडी एक,
पांढऱ्यात ब्रश नुसता टेकवून.
अण्णांकडे याला नाव होतं: धुवट.
असला तागा दुकानात नव्हता, कुणी मागतही नसे.
"विकलेला प्रत्येक रंग शेवटी तिकडंच जातो," म्हणायचे.

सत्तेचाळीस झाले, प्रत्येक वेगळा विटलेला.
पायाखाली वाळू चिकटवली;
ती आणावी लागली नाही, दाराच्या फटीत रोज असते.
एक मात्र गडदच ठेवला, मागच्या रांगेत.
त्याला अजून रात्री झोप लागत नाही.

रोदेल वाकून बराच वेळ बघत राहिला.
हे तर आपलेच लोक, म्हणाला.
यांच्यावर मी गोळ्या झाडू?

मी फासे त्याच्या पुढं सरकवले.
पहिली पाळी तुझी.