‘द’ लावायचा

डिचोलीत, बेकरीच्या माडीवर, सोमवार-गुरुवार साडेसातला
बेर्ता मिश्किता टीचर आम्हां अकरा जणांना इंग्रजी शिकवते.
अकरातले नऊ टिपरवाले. म्हणजे, होते.
खाण बंद पडली, टिपर विकले, टॅक्स्या घेतल्या,
आणि आता मागं बसलेला माल बोलतो.

खालून भाजत्या उंड्यांचा वास चढतो,
पोटं गुरगुरतात, टीचर फळ्यावर लिहिते: लूस. लूझ.
“शाणू, फरक सांग.”
मी म्हटलं, एकाच घरातले दोघे.
नट लूस झाला की चाक लूझ होतं.
ती म्हणाली, स्पेलिंगही तेच सांगतं बघ,
लूसला दोन ओ. त्यातला एक हरवला की लूझ.
चंद्रू मळीकनं वहीत दोन चाकं काढली
आणि एकावर फुली मारली.

ब्रेक तरी मला येतो असं वाटायचं.
सतरा वर्षं उजव्या पायाखाली होता.
भरलेला टिपर, सारमानसचा उतार,
लाल धुरळ्यात पुढची गाडी दिसत नाही,
तिथं कोण विचारतो, ए आधी की ई आधी?
इथं विचारतात.
एक थांबवतो, एक मोडतो, कानाला दोन्ही सारखेच.
माझी कंबर दुसऱ्या स्पेलिंगची आहे, मी म्हटलं.
“वाक्य करून सांग.”
केलं नाही.

बीच म्हणताना मात्र ओठ ताणायचे, ई दीर्घ,
नाहीतर गिऱ्हाईक वाटेतच उतरेल.
का, ते तिनं सांगितलं नाही.
मागच्या बाकावरचा पोरगा खोकला.

आमच्या बोलीला एक आठवण पुरते.
होते तीही तीच, करून देतो तीही तीच.
इथं रिमेंबर वेगळं, रिमाइंड वेगळं:
पहिलं आपलं आपण करायचं, दुसऱ्याला माणूस लागतो.
“किंवा वस्तू,” टीचर म्हणाली. “किंवा वास.”
आणि खडू तसाच हातात धरून
थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिली.

गेल्या रविवारी मयेच्या तळ्याकडे एक म्हातारी गोरी बाई होती गाडीत.
वळणावर डोंगराचा तो कापलेला भाग दिसला,
पायऱ्या पायऱ्या, तळाशी हिरवं पाणी.
“व्हॉट इज दॅट?”
मी म्हटलं, “माइन.”
ती पुढं वाकली. “युअर्स?”
आरशात तिचे डोळे एवढे मोठे झाले
की मला वाटलं, आता ही भाडं कमी करायला सांगणार.

गुरुवारी वर्गात सांगितलं. सगळे हसले, मीही.
टीचर लगेच हसली नाही. फळ्यावर लिहिलं माइन,
त्याच्याखाली पुन्हा माइन.
तेच स्पेलिंग, तोच उच्चार,
बोट ठेवायलाही जागा नाही कुठं.
“आधी द लाव,” ती म्हणाली. “द लावला की खाण.
नाही लावला की माझं.”
आपल्यात द नसतोच, लक्षात कसा राहणार?
वहीत पानभर लिहिलं, द माइन, द माइन,
खालच्या ओळींत अक्षर जरा सरळ आलं.

आता गिऱ्हाईक असलं की बरोबर लावतो.
परतीला गाडी रिकामी असते.
त्या वळणावर काच खाली करतो
आणि द लावत नाही.