आपण

शनिवारी रात्री काळी द्राक्षं उकळते,
पाटनीपुऱ्याच्या घरात, मंद आचेवर.
पास्टर म्हणतात, थोडी शक्कर डालिए, दीदी,
बच्चे मुँह बनाते हैं.
मी घालत नाही.

पितळी थाळ्यात छत्तीस भोकं,
छत्तीस भोकांत छत्तीस पेले,
खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढे.
ज्याचा त्याला.
आई नगरहून लग्न होऊन इथे आली तेव्हा
एकच मोठा पेला फिरायचा म्हणे,
एकाच काठावर माळ्याचे ओठ, मेजरचे, दाईचे,
आणि मडमा रुमालाने काठ पुसत राहायच्या.

छावणीतल्या या देवळात आता प्रार्थना हिंदीत.
हम धन्यवाद देते हैं. हम पापी हैं.
‘हम’चं बरं असतं, त्यात कुणीही मावतो,
दाराशी उभा राहून मोबाइल बघणारासुद्धा.

मी सत्तावीस वर्षं मराठी शाळेत व्याकरण शिकवलं
(शाळा गेली, तिथे आता लग्नाचा हॉल आहे)
आणि दरवर्षी फळ्यावर लिहिलं:
ऐकणाऱ्याला धरून, आपण.
ऐकणाऱ्याला वगळून, आम्ही.
आम्ही सराफ्यात जाऊन राहिलो म्हणजे तू घरी बस.
आपण जाऊ म्हणजे चप्पल घाल.
मुलं हसायची. त्यांना समजायचं.

मला नाही समजलं.
रात्री पलंगाच्या कडेला गुडघे टेकून
मी म्हणत आले, आम्ही लेकरं, आम्हांला क्षमा कर.
आम्ही कोण?
शांतवनला जाऊन नऊ वर्षं झाली,
पोरगी कॅनडात, तिथे तेव्हा दुपार.
‘मी’ म्हणायची भीती वाटे.
मी म्हटलं की सगळं नावानिशी येतं:
सासूला शेवटी पाणी उशिरा दिलं ते,
नलिनी पगारेला जागा निघाल्याचं कळवलं नाही ते.
‘आम्ही’च्या पदराआड बरं होतं.
आणि व्याकरणाने पाहिलं तर
ज्याच्याशी बोलत होते
त्यालाच वगळून बोलत होते.

परवाच्या रविवारी एक पेला उरला.
भास्कर साळवींचा. ते डायलिसिसला.
उरलेला ओतून देत नाहीत.
मागच्या खोलीत, मोरीपाशी उभी राहून
मीच प्यायले, दुसऱ्यांदा.
आंबट.
बाहेर सगळे पोह्यांवर होते, शेव मागत होते,
कचरागाडी गाणं वाजवत वळणावरून गेली,
आणि मी पदर खोचून, सवयीने, म्हणाले,
चला, आपण पेले धुऊन घेऊ.

खोलीत कुणी नव्हतं.
शांतवनला म्हणायचे मी तसं, भांडी पडली की,
आणि तो उठायचा नाही.

नळ सोडला. हात तसाच थांबला.
आपण.
थोरामोठ्यांना म्हणतो तेही हेच,
आपण बसा, आपण घ्या,
आणि तू-मी मिळून होतं तेही हेच.
सत्तावीस वर्षांत दोन्ही
एका ओळीत लिहायचं सुचलं नाही.

मग एकेक पेला घेतला.
बोट आत जात नाही, काडीला चिंधी गुंडाळावी लागते.
सासूबद्दल बोलले. नलिनीबद्दल बोलले,
मोठ्याने नाही, नळाच्या आवाजाइतकं.
एकविसाव्याचा काठ टवकलेला निघाला.
तो बाजूला ठेवला.

पास्टर दारातून डोकावले,
दीदी, पोहे ठंडे हो रहे हैं.
मराठीतच म्हटलं,
आलो.