नववा छर्रा

सायकल चार हजार दोनशेची. गिअर एकच,
तोही म्हणायला.
रंग उडाला तिथं मी काळी चिकटपट्टी लावलीय.

कुंभारीच्या घरकुलातून अक्कलकोट रोडच्या शेडपर्यंत
जायचे सहा किलोमीटर, यायचे नऊ:
संध्याकाळी वारा समोरून असतो
आणि पाय दिवसभर उभे राहिलेले.

माझं काम लूमचं. टॉवेलचे चोवीस लूम.
त्यातल्या एकाचं बेअरिंग बोलायला लागलं
की मी डबा उघडा टाकून उठतो.
मालक पाहुण्यांना सांगतो, ह्या कुरापाटीचे कान बघा.
आणि माझ्याच मागच्या चाकात
चार वर्षं कुणीतरी शेंगा कुटत बसलंय
ते ऐकू येत नव्हतं?
येत होतं.
घरचंच आहे म्हटलं, चालतंय.

दस्तगीरनं सायकल उलटी केली, चाक एका बोटानं फिरवलं.
दीड फेरा गेलं आणि मान टाकली.
"काय बे व्यंकटेश, हे चाक हाय का जातं?"

मी चिठ्ठी काढली. ॲल्युमिनियमच्या रिमा दोन,
सीलबंद बेअरिंगचे हब दोन, स्टीलच्या तारा बहात्तर.
त्यानं आकडे मांडले, पेन्सिल कानामागं खोचली.
"घोड्यापेक्षा नाल महाग व्हलालाय की."
मग जरा थांबून, "मागचं कर.
वजन मागचं वाहतंय. पुढचं नुस्तं वाट बघत जातंय.
त्याला नवे कोन, नवे छर्रे, पांढरं ग्रीस. एकशेऐंशी दे."

जुना हब उघडला. आत ग्रीस कसलं,
काकवीचा तळ.
छर्रे रॉकेलच्या ताटलीत पडले.
एका बाजूचे नऊ. दुसऱ्या बाजूचे आठ.
पुन्हा मोजले. आठ.
इम्तियाजनं फरशीवरून चुंबक फिरवला,
दोन खिळे आले, एक टाचणी आली.

म्हणजे चार वर्षांपूर्वी
विजापूर वेशीतल्या त्या घाईच्या माणसाच्या हातून
एक निसटला असणार.
त्यानं वाकून बघितलं नाही. कोन आवळला, पैसे घेतले.
आणि रोज बारा किलोमीटर
मी एका रिकाम्या जागेवरून गेलो.
श्रीलताची बारावी, अनसूयाचं ऑपरेशन,
दोन वेळचा दवाखान्याचा डबा
सगळं आठांवर.

दस्तगीरनं त्यातला एक नखावर धरला.
गोल राहिला नव्हता. हातानं वळलेल्या लाडवासारखा,
एका बाजूला चपटा.

नव्या चाकाचा आऊट काढायला तो बसला
तेव्हा मी तारा एकेक छेडत गेलो.
ही ढिली. ही बरोबर. ही जास्त.
ताण्याचे धागे असेच बोलतात.
त्यानं काही न बोलता पाना माझ्याकडे दिला
आणि स्वतः सुपारी कातरत बसला.

अंधार पडताना निघालो.
चढ संपतो तिथं मी रोज पाय थांबवतो,
आणि सायकल वजनकाट्यापाशी थांबते. ही सीमा ठरलेली.
आज वजनकाटा गेला.
पंक्चरवाल्याचं टांगलेलं टायर गेलं.
'प्लॉट विकणे आहे' गेलं.
वारा समोरून होताच,
पण आता त्याचं माझं भांडण दोघांतच,
मधे तिसरं कुणी कुरकुरत नव्हतं.
बाभळीपाशी आलो तरी पाय हलवला नाही.
लाज वाटली थोडी. कुणी बघितलं नाही ना, म्हणून मागं बघितलं.

दार लोटलेलं. अनसूया सुपात विड्या मोजत होती,
दचकली.
"आवाज नाही आला तुमचा.
मी वळणावर ऐकू आलं की गॅस पेटवते."

चहाला वेळ लागणार होता.
खिशातले आठ छर्रे मी सुपाच्या कडेला ठेवले.
तिनं सवयीनं बोटानं सारत मोजले,
"आठ," म्हणाली,
आणि सूप उचलून खाली बघितलं.