गिरवणं

एपिनालच्या रिंकवर पहाटे सव्वापाचला
दिवे अर्धेच लागायचे. क्लबला वीज परवडत नसे.
ओदिल ग्रोजां, वय नऊ,
स्वतःच्या मोज्यांवर वडिलांचे मोजे चढवून
एका पायावर उभी राही
आणि बर्फावर आठ काढी.

त्यांचा आठ. आपला नव्हे.
आपला ८ एका अंगाला उघडा,
कुणी आत आलं, कुणी निघून गेलं, त्याला चालतं.
तिचा मात्र निघाला तिथेच येऊन मिटायला हवा.
मग त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा,
पाटीवर अक्षर गिरवावं तसं,
फक्त पेन्सिल पायाखाली
आणि हात रिकामे, धरायला काही नाही.

ऑबर्तां मास्तर पोट सावरत गुडघ्यांवर बसत,
बर्फाला जवळजवळ नाक लावत.
"इथे दोन्ही धारा टेकल्या," म्हणत.
"इथे घाबरलीस."

पुढे बसचे प्रवास, डब्यातलं गार जेवण,
रूआँ, ग्राझ,
आणि ग्दान्स्क, जिथे सात पंच फरच्या टोप्या घालून
तिच्या रेघेभोवती ओणवे झाले,
जणू कुणाची अंगठी हरवली होती.
त्या सकाळी ती पहिली.
संध्याकाळी, संगीतावर, दोनदा पडली.
एकूण सातवी.
नंतर नववी. पुन्हा सातवी. एकदा चौथी,
तेव्हा सूतगिरणीतल्या बायकांनी वडिलांना
निळ्या दोऱ्याचं अख्खं रीळ दिलं, तिच्या पोशाखासाठी.

उड्यांशी तिचं कधी जमलं नाही.
"वर कशाला जायचं," म्हणे,
"इथलंच अजून पुरतं झालेलं नाही."

तेविसाव्या वर्षी घोट्यात दोन स्क्रू.
चोविसाव्या वर्षी कुठल्याशा हॉटेलात परिषद भरली,
हात वर झाले, आठ रद्द.
टीव्हीला उड्या हव्या होत्या.
गिरवणं कॅमेऱ्यात दिसत नव्हतं.
मास्तरांनी फोनवर सांगितलं,
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मीटर तेवढं पडत राहिलं.

आता साठीला आली. त्याच रिंकवर
भाड्याच्या बुटांच्या पात्यांना धार लावते.
ठिणग्या उडतात. पोरं काउंटरवर कोपरं टेकून
हवेतल्या चार गिरक्यांच्या गोष्टी सांगतात.
ती पातं अंगठ्याच्या नखावरून ओढते,
नखाचा पांढरा भुगा निघाला की बूट परत देते.
कुणी विचारलंच तर म्हणते,
"मी? मी लिहायचे."

रात्री दहाला यानिक बर्फ धुणारं यंत्र काढतो,
पण आधी बाहेर जाऊन एक सिगारेट ओढतो, मुद्दाम सावकाश.
तेवढ्यात ती उतरते.
उजवा पाय, बाहेरची धार.
पहिली फेरी बरी. दुसरी तिच्यावरच पडली.
तिसरी वीतभर उघडीच राहिली.

यंत्र दारात येऊन घुरघुरतं.
"पुसू का, मादाम?"
ती गुडघ्यांवर, चष्मा कपाळावर,
बर्फाला नाक लावून.
"थांब रे," म्हणते,
"कुठे चुकलं ते अजून सापडलं नाही."